गुडघ्यातले ‘वंगण’ आणि सुईचा हिशेब

“डॉक्टर, गुडघ्यातलं वंगण संपलंय म्हणे. एक सुई घालायची, अठरा हजारांची. भिशीचे पैसे आलेत. घालू का?”

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. आकडा बदलतो, पैसे कुठून आले ते बदलते, पण ‘वंगण संपलंय’ हे दोन शब्द तेच असतात. विचारणारी बाई साठीच्या आसपासची असते. हातात एक्स-रेचे पाकीट असते. कुणीतरी तो एक्स-रे दिव्यासमोर धरून तिला दोन हाडांमधली कमी झालेली फट दाखवलेली असते. सायकलच्या साखळीला तेल लागते, दाराच्या बिजागरीला तेल लागते, मग गुडघ्यालाही लागणारच, हे तिला पटलेले असते. ती फक्त खात्री करून घ्यायला आलेली असते.

मी फिजिशियन आहे, अस्थिरोगतज्ज्ञ नव्हे. पण सुजलेल्या गुडघ्यातून पाणी काढणे आणि ते तपासायला पाठवणे हे काम मी तीस वर्षे करत आलो आहे. त्या पाण्याशी माझा परिचय जुना आहे. म्हणूनच त्याच्या नावावर जे विकले जाते, त्याबद्दल लिहावेसे वाटले. ‘वंगण’ हा शब्द खोटा नाही, अर्धा खरा आहे. रुग्णाचे नुकसान त्या अर्धवटपणातूनच होते.

आधी खरा अर्धा भाग पाहू. निरोगी गुडघ्यात या द्रवाचे प्रमाण अगदी थोडे असते, साधारण चार मिलिलिटरपेक्षाही कमी. म्हणजे चहाचा एक लहान चमचाही भरत नाही. दिसायला तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा. सोळाव्या शतकातील वैद्य पॅरासेल्सस याने त्याला दिलेल्या ‘सायनोव्हिया’ या नावात अंडे आहे, असे मानले जाते. सुईतून एक थेंब हळूच खाली सोडला तर तो टपकन पडत नाही. त्याची दोन-तीन सेंटिमीटरची तार निघते. जुन्या काळी प्रयोगशाळा हाताशी नसली की डॉक्टर ही तार पाहूनच अंदाज बांधत. तार निघाली तर सांध्यात फारसा दाह नाही. थेंब पाण्यासारखा पडला तर दाह आहे, कदाचित जंतुसंसर्गही असेल. मी अजूनही ती तार पाहतो.

ही तार पाकाच्या तारेसारखी नसते, भेंडी चिरताना सुरीला लागणाऱ्या तारेसारखी असते. पाक घट्ट असतो, पण ताणून सोडला तर मागे येत नाही. भेंडीची तार थोडी मागे खेचली जाते. म्हणजे ती वाहतेही आणि रबरासारखी ताणलीही जाते. अशा द्रवांना शास्त्रात व्हिस्कोइलॅस्टिक म्हणतात.

असे द्रव मोजायचे यंत्र आपल्या जात्याच्या जातकुळीतले आहे. खाली एक स्थिर चकती, वर एक फिरणारी चकती, आणि दोन्हींमध्ये द्रवाचा पातळ थर. वरची चकती फिरवायला किती जोर लागतो ते मोजायचे. याला रिओमीटर म्हणतात. मध्ये पाणी किंवा मध असेल तर हिशेब सरळ असतो. वेग दुप्पट केला की जोरही दुप्पट लागतो. सांध्यातला द्रव मात्र हा नियम पाळत नाही. चकती अगदी सावकाश फिरत असेल तेव्हा तो पाण्यापेक्षा हजारो पट घट्ट असतो. वेग वाढवत नेला की तोच द्रव पातळ होत जातो.

दुसरी चाचणी आणखी गमतीची. चकती गोल न फिरवता किंचित मागे-पुढे झुलवायची. झोके सावकाश असतील तर द्रव निमूट वाहतो, दिलेली ऊर्जा गिळून टाकतो. झोके जलद झाले की तो स्प्रिंगसारखा वागतो, ऊर्जा साठवतो आणि परत करतो. आणि चकती सतत फिरवली तर असे द्रव केवळ विरोध करत नाहीत, दोन चकत्यांना एकमेकींपासून दूरही ढकलतात. घुसळताना बाजूला फेकले जाण्याऐवजी ते फिरत्या दांड्यावर वर चढतात. कार्ल वायसेनबर्ग यांनी या वागण्यावर १९४७ साली ‘नेचर’मध्ये लिहिले, तेव्हापासून तो परिणाम त्यांच्या नावाने ओळखला जातो.

हे सारे गुण ज्या रेणूमुळे येतात तो म्हणजे हायलुरोनिक ॲसिड. १९३४ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातून वेगळा काढला. साखरेच्या कड्यांची ती एक अतिशय लांब साखळी असते. अशा असंख्य साखळ्या पाण्यात एकमेकींत गुंततात. हळू ओढले तर गुंता सुटायला वेळ मिळतो आणि द्रव वाहतो. झटका दिला तर वेळ मिळत नाही आणि गुंता ताणला जातो.

हंगेरीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले संशोधक एंद्रे बालाझ यांनी निरनिराळ्या वयाच्या माणसांच्या गुडघ्यातला द्रव असाच तपासला. तरुण, निरोगी द्रव चालण्या-पळण्याच्या वेगाला छान स्प्रिंगसारखा वागतो. झिजेचा संधिवात झालेल्या गुडघ्यात साखळ्या आखूड होतात, त्यांचे प्रमाणही घटते आणि हा गुण कमी होतो. इथपर्यंत सर्व खरे आहे. मग प्रश्न साहजिक होता. कमी पडले तर बाहेरून घालावे का? कोंबड्याच्या तुऱ्यातून हायलुरोनिक ॲसिड शुद्ध करून काढले गेले. आधी शर्यतीच्या घोड्यांना आणि नंतर माणसांना ते दिले गेले. १९९७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गुडघ्यासाठी अशा इंजेक्शनांना परवानगी दिली. आता जिवाणूंच्या मदतीने आंबवूनही हा पदार्थ तयार करतात. आपल्याकडे ‘जेलचे इंजेक्शन’ किंवा ‘वंगणाची सुई’ म्हणतात ते हेच.

आता अर्ध्या सत्यापुढचा भाग पाहू. यंत्रात जे खरे ठरले ते गुडघ्यात का ठरत नाही, याची निदान तीन कारणे आहेत.

पहिले कारण, घातलेला पदार्थ तिथे राहत नाही. साध्या हायलुरोनिक ॲसिडचा निचरा सांध्यातून एक-दोन दिवसांतच मोठ्या प्रमाणात होतो. साखळ्या एकमेकींना जोडून बनवलेले जाड प्रकार त्याहून अधिक टिकतात, पण तेही कायमचे नाहीत. सहा महिने आराम पडेल असे सांगितले जाते, तेव्हा ते ‘तेल’ तिथे सहा महिने नसते, हे रुग्णाला कुणी सांगत नाही.

दुसरे कारण अधिक मुळाशी जाणारे आहे. गुडघ्याची गुळगुळीत हालचाल मुख्यतः द्रवाच्या घट्टपणावर अवलंबूनच नाही. १९७० साली एरिक रॅडिन, डेव्हिड स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्याने सांध्यातल्या द्रवातून हायलुरोनिक ॲसिड नसलेला भाग वेगळा काढून तपासला. त्या पातळ भागातही कूर्चेचे घर्षण कमी करण्याची शक्ती होती. त्यामागे एक प्रथिन आहे, त्याला पुढे ल्युब्रिसिन हे नाव मिळाले. ते कूर्चेच्या पृष्ठभागावर चिकटून बसते. शिवाय कूर्चा स्वतः पाण्याने भरलेल्या स्पंजसारखी असते. पाय टेकला की आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि शरीराच्या भाराचा मोठा वाटा तेच पाणी पेलते. रिओमीटरच्या चकत्या पोलादाच्या असतात. गुडघ्यातल्या ‘चकत्या’ जिवंत, ओल्या आणि मऊ असतात. झिजेच्या आजारात मुळात बिघाड होतो तो या कूर्चेत आणि तिच्या खालच्या हाडात. जात्याचा दगडच खचला असेल तर मधल्या धान्याला दोष देऊन काय उपयोग?

तिसरे कारण वेदनेचे. कूर्चेला मज्जातंतू नसतात, ती दुखत नाही. दुखते ते तिच्या खालचे हाड, सांध्याचे अस्तर, भोवतालचे आवरण आणि थकलेले स्नायू. म्हणून एक्स-रेत फट खूप कमी झालेली एखादी बाई आरामात चालते आणि जवळपास चांगला एक्स-रे असलेली दुसरी रात्रभर कण्हते. ‘वंगण’ या एका शब्दात हा सारा गुंता मावत नाही.

अर्थात, सिद्धान्त चुकीचा असूनही एखादा उपाय लागू पडू शकतो. वैद्यकात असे अनेकदा घडले आहे. म्हणून अखेरचा निवाडा रुग्णांवरच्या चाचण्यांनी द्यायचा. तो बऱ्याच अंशी आला आहे. २०२२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या इंजेक्शनांवरच्या १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत २१ हजारांहून अधिक रुग्ण होते. छोट्या चाचण्यांत फायदा मोठा दिसत होता, मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांत तो विरून गेला. वेदना मोजण्यासाठी रुग्णापुढे १०० मिलिमीटरची रेघ ठेवतात. एका टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘असह्य दुखते’. औषधाची सुई घेतलेले आणि नुसती दिखाऊ सुई घेतलेले यांच्यात फरक पडला तो सुमारे २ मिलिमीटरचा. रुग्णाला स्वतःला जाणवेल असा फरक पडायला निदान ९ मिलिमीटर लागतात, असे संशोधकांनी आधीच धरले होते. गंभीर दुष्परिणाम दिखाऊ सुईच्या गटात २.५ टक्के, तर औषधाच्या गटात ३.७ टक्के आढळले. त्यातला प्रत्येक दुष्परिणाम सुईमुळेच झाला असे नाही. पण निरुपद्रवी म्हणून विकल्या जाणाऱ्या उपायाबद्दल हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना हे इंजेक्शन देऊ नका असे स्पष्ट सांगतात. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ मध्ये नेहमीच्या वापरासाठी त्याची शिफारस केलेली नाही. झिजेच्या संधिवातावर काम करणाऱ्या ‘ओएआरएसआय’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने मात्र २०१९ मध्ये काही रुग्णांसाठी सशर्त जागा ठेवली आहे. म्हणजे तज्ज्ञांत मतभेद आहेत, हे मान्य करायला हवे. एखाद्या विशिष्ट रुग्णासाठी, बाकी सारे करून झाल्यावर, सगळे आकडे समोर ठेवून एखादा अस्थिरोगतज्ज्ञ हा पर्याय सुचवत असेल तर त्याला मी चोर म्हणणार नाही. माझा आक्षेप पहिल्याच भेटीत, एक्स-रे दाखवून, वंगण संपल्याचे सांगून दिल्या जाणाऱ्या सुईला आहे.

“पण डॉक्टर, माझ्या जावेला तर फरक पडला,” असे कुणी म्हणते. ते खोटे नसते. चाचण्यांत मिठाच्या पाण्याची सुई घेतलेल्या रुग्णांनाही बरेच बरे वाटते. सांध्यात सुई घालणे हा मोठा विधी आहे आणि त्याने येणारा दिलासा गोळीपेक्षा जास्त असतो. शिवाय गुडघेदुखीला भरती-ओहोटी असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो भरतीच्या दिवसांत. पुढे ओहोटी येतेच, आणि श्रेय सुईला मिळते. दिलासा खरा असतो, प्रश्न त्याच्या किमतीचा आहे.

याच पदार्थाने वैद्यकात खरोखर क्रांतीही केली आहे, हे सांगायलाच हवे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करताना डोळ्यांचे डॉक्टर पुढच्या कप्प्यात असा व्हिस्कोइलॅस्टिक द्रव भरतात. त्याला ते लाडाने ‘व्हिस्को’ म्हणतात. सुईतून ढकलताना तो पातळ होतो, आत जाऊन स्थिरावला की घट्ट होऊन जागा धरून ठेवतो आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना अवजारांपासून वाचवतो. काम संपले की धुऊन काढून टाकतात. आपल्या शिबिरांत त्याऐवजी पुष्कळदा मिथाइल सेल्युलोजचा स्वस्त द्रव वापरतात आणि काम उत्तम होते. फरक लक्षात घ्या. तिथे गरज यांत्रिक आहे, ती काही मिनिटांची आहे आणि द्रव ती पुरी करतो. गुडघ्याचा आजार वर्षानुवर्षांचा आहे, जिवंत पेशींचा आहे. एकाच द्रवाची एका ठिकाणची पुण्याई दुसऱ्या ठिकाणी वटत नाही.

मग करायचे काय? उत्तर इतके साधे आहे की रुग्णाला ते औषध वाटतच नाही. पहिले औषध मांडीच्या पुढच्या स्नायूंचे. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, पाच-सहा सेकंद धरा, सोडा. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करा, थोडा वेळ धरा, खाली घ्या. जमू लागले की हात न टेकता खुर्चीतून उठा आणि बसा. रोज, निदान दोन-तीन महिने. दुसरे औषध वजनाचे. स्टीफन मेसियर यांच्या गटाने २००५ मध्ये जाड आणि गुडघेदुखी असलेल्या माणसांच्या चालण्याचा अभ्यास केला. शरीराचे वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे त्यांना आढळले. दिवसाची पावले मोजा आणि गुणाकार करा. पुढे २०१३ मध्ये याच गटाने ४५४ जणांवर दीड वर्ष चाललेली चाचणी प्रसिद्ध केली. आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांना केवळ एकच करणाऱ्यांपेक्षा अधिक फायदा झाला.

याशिवाय, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, उकिडवे बसण्याऐवजी कमोड किंवा चौरंग आणि गरजेपुरते वेदनाशामक मलम. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊन महिनोन्महिने खाऊ नयेत. त्यामुळे मूत्रपिंड गमावलेले रुग्ण आम्ही पाहतो. गुडघा एकाएकी सुजला, गरम लागला, सोबत ताप आला तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि सांधा खरोखरच निकामी झाला असेल तर सांधेबदल ही चांगली शस्त्रक्रिया आहे. त्यासाठी लागणाऱ्या कृत्रिम भागांच्या किमतींवर केंद्र सरकारने २०१७ साली मर्यादा घातली, ते योग्यच झाले.

इथे आम्हा सरकारी डॉक्टरांनाही आरशात पाहावे लागेल. ओपीडीच्या रांगेत प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. त्यात केसपेपरवर वेदनाशामक आणि कॅल्शियम लिहून ‘व्यायाम करा’ असे आम्ही म्हणतो. कुठला, किती, कसा, हे दाखवायला वेळ नसतो आणि अनेकदा माणूसही नसतो. ज्या बाईला कुणी पंधरा मिनिटे शेजारी बसून व्यायाम शिकवला नाही, ती अठरा हजारांच्या सुईकडे वळली तर दोष एकट्या सुई विकणाऱ्याचा नाही. आम्ही मोकळी सोडलेली जागा त्याने भरली.

म्हणून दोन मागण्या. एक, गुडघ्यात असे इंजेक्शन देण्यापूर्वी रुग्णाला मराठीत, एका पानावर लिहून द्यावे: अपेक्षित फायदा किती, धोका किती, खर्च किती आणि व्यायामाचा पर्याय कोणता. शंभरातले ते दोन मिलिमीटर कागदावर दिसू द्या, मग तिने खुशाल ठरवावे. दोन, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टची पदे असावीत, भरलेली असावीत आणि गुडघ्यासाठी गटाने व्यायाम शिकवण्याचा आठवड्यातला एक दिवस ठरलेला असावा. त्याला महागडे यंत्र लागत नाही, एक खोली आणि दहा खुर्च्या पुरतात. डॉक्टरांना विनंती एवढीच की ‘वंगण संपलंय’ हे वाक्य आपण बोलायचे सोडून द्यावे.

कारण ते शास्त्राच्या दृष्टीनेही अपुरे आहे. सांध्यातले हायलुरोनिक ॲसिड एकदा भरलेल्या टाकीसारखे नसते. सांध्याच्या अस्तरातील पेशी ते सतत तयार करतात, जुने निघून जाते, नवे येते. सशांच्या गुडघ्यांवरील प्रयोगांत सांधा हलवत ठेवला की त्याचा स्राव वाढतो, असे दिसले आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. तिचे पोषण या द्रवातूनच होते, आणि दाबणे-सोडणे या हालचालीने ते आत पोहोचते. घासेल म्हणून पाय धरून बसणारा माणूस त्या पेशींचे काम थांबवतो.

त्या बाईला मी हे सगळे सांगितले नाही. तेवढा वेळ नव्हता. तार, टॉवेल आणि ते दोन मिलिमीटर एवढेच सांगितले आणि शेजारच्या खुर्चीतून हात न टेकता उठायला लावले. चार वेळा जमले, पाचव्यांदा हात टेकावा लागला. “चार,” असे मी केसपेपरवर लिहिले. “तीन महिन्यांनी या, तेव्हा हा आकडा किती झाला ते पाहू. तोवर भिशीचे पैसे मोडू नका.”

“आणि नाहीच वाढला तर?”

“तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवू आणि पुढचं ठरवू. पैसे तुमचेच आहेत, ते कुठं जात नाहीत.”

तिने कागद घडी घालून एक्स-रेच्या पाकिटात ठेवला आणि टेबलाचा आधार न घेता उठायचा प्रयत्न केला.